भिंत कोणती?

हार्डवेअरच्या दुकानात 'रावळ प्लग द्या' म्हटलं की दुकानदार काही न विचारता प्लॅस्टिकच्या छोट्या नळ्यांची पुडी पुढे करतो. कुणी त्याला नुसतं 'गिट्टी' म्हणतं. रावळ हे आडनाव आपल्या इतक्या ओळखीचं आहे की हा शोध गिरगावातल्या कुणा रावळ मिस्त्रींनी लावला असावा असं सहज वाटून जातं. प्रत्यक्षात ते 'रॉलप्लग' आहे, आणि त्यातला 'रॉल' म्हणजे जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाचा लंडनचा एक कंत्राटदार. त्याच्याकडे पुढे येऊच. आधी आरशाकडे.

जड आरसा भिंतीवर कसा टांगावा याबद्दल सल्ल्यांचा सध्या सुकाळ आहे. आरशाच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद येतो, दुकानदार दोन गोष्टी सांगतो, शेजारी चार सांगतात. बहुतेक सल्ले वाचले की एक गोष्ट लक्षात येते. 'योग्य स्क्रू वापरावेत', 'भिंत भक्कम असल्याची खात्री करावी', 'वजनाला अनुरूप अँकर निवडावा' अशी सगळी वाक्यं त्यात असतात. व्याकरण ठीक, हेतू चांगला. पण योग्य म्हणजे कुठला? भक्कम म्हणजे किती, आणि खात्री करायची ती कशी? ज्याला हे आधीच माहीत आहे त्याला कागदाची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला कागद काहीच सांगत नाही. शिवाय एक प्रश्न जवळपास प्रत्येक कागदावरून गायब असतो. भिंत कोणती?

हा प्रश्न पूर्वी कुणाला लिहून विचारावा लागत नव्हता. तो का लागत नव्हता आणि आता का लागतो, याचा इतिहास मला आरशाच्या इतिहासाइतकाच रंजक वाटतो.

मुळात आरसा टांगण्याचा प्रश्न तसा अलीकडचा. आपल्या जुन्या घरांत आरसा होता, पण तो फणेरपेटीच्या झाकणात. पेटी उघडायची, झाकण तिरकं उभं करायचं, समोर मांडी घालून बसायचं, वेणीफणी उरकायची आणि पेटी मिटून टाकायची. भिंतीचा त्यात काही संबंधच नाही. राजवाड्यांत आरसेमहाल असत. शनिवारवाड्यातही जुना आरसेमहाल होता. जयपूरजवळच्या आमेरचा शीशमहाल आजही पाहता येतो. तिथे काचेचे लहान लहान तुकडे गिलाव्यातच बसवलेले आहेत. एकेका तुकड्याचं वजन नगण्य आणि प्रत्येकाला धरायला स्वतःपुरता गिलावा. हजारो तुकडे असले तरी 'टांगलेला' असा त्यातला एकही नाही.

युरोपातही गोष्ट फार वेगळी नव्हती. मोठी सपाट काच करणंच अवघड होतं. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर काच फुंकून, उलगडून, सपाट करून तिच्यामागे कथील आणि पारा चढवत. (पारा आता आरशात नसतो. चांदीचा पातळ थर काचेवर चढवण्याची रासायनिक रीत जर्मन शास्त्रज्ञ लीबिगने १८३५ मध्ये मांडली आणि पुढच्या काही दशकांत पारा मागे पडला. पण आपण अजूनही 'आरशाचा पारा उडाला' असंच म्हणतो. भाषेची आठवण मोठी चिवट असते.) व्हेनिसची ही मक्तेदारी मोडायला फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने १६६५ मध्ये आरशांचा सरकारी कारखाना काढला. व्हर्सायच्या राजवाड्यातलं प्रसिद्ध आरसेदालन १६८४ मध्ये पुरं झालं, त्यातले आरसे याच कारखान्याचे. दालनात सतरा कमानी आहेत आणि प्रत्येक कमानीत एकवीस, असे एकूण ३५७ आरसे. लांबून एकेक कमान म्हणजे एक भलामोठा आरसा वाटते, जवळून पाहिलं की जोड दिसतात. कारण त्याहून मोठी काच करणं तेव्हा जमत नव्हतं.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. व्हर्सायमध्येही आरसा 'भिंतीला लावलेला' नाही. भिंत बांधतानाच कमानी आरशासाठी सोडल्या आहेत. आरसा किती जड, तो कशावर टेकणार, हे भिंत बांधणाऱ्याला आधीपासून ठाऊक होतं.

आपल्याकडेही तत्त्व हेच होतं, फक्त थाट साधा. वाड्याची भिंत विटांची असो, भेंड्याची असो की पांढऱ्या मातीची, तिच्यात लाकडी खुंट्या असत आणि त्या भिंत रचतानाच आत खोलवर बसवलेल्या असत. पगडी, उपरणं, पंचांग, सुपली, जे काही टांगायचं ते खुंटीला. जे जड ते कोनाड्यात किंवा फडताळात. म्हणजे वजन कुठे येणार हे घर बांधतानाच ठरलेलं. मातीच्या भिंतीत मागाहून खिळा ठोकला तर मातीच सुटून येणार, हे घरातल्या पोरालाही माहीत होतं. भिंत रचणारा गवंडी, खुंटी तासणारा सुतार आणि घरात राहणारा माणूस या तिघांना भिंत सारखीच माहीत होती. अशा घरात 'भिंत कोणती?' हा प्रश्न वेडगळच ठरला असता.

मग भिंतीवर टांगायच्या वस्तू वाढल्या. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती काचेच्या चौकटीत घरोघरी आल्या. फोटो आले, घड्याळं आली. जुन्या घरांतल्या तसबिरी आठवून पाहा. त्या बहुधा छताजवळ, ओळीने, पुढे झुकलेल्या असत. पुष्कळ घरांत त्यांच्यामागे एक आडवी लाकडी पट्टी असे. खिळे भिंतीत न ठोकता या पट्टीत ठोकायचे. पट्टी एकदाच, जाणत्या माणसाकडून, भिंतीचा अंदाज घेऊन बसवलेली. नंतर कुणीही काहीही टांगावं! कागदावर न लिहिलेला, पण भिंतीवरच करून ठेवलेला असा तो सल्ला होता.

आता रॉलिंग्ज.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घरांत आणि इमारतींत वीज येत होती, आणि तिच्यासोबत भिंतीवर बसवायची असंख्य बटणं, दिवे, पट्ट्या. भिंती आधीच उभ्या होत्या, खुंट्यांचा काळ गेला होता. विटेच्या भिंतीत स्क्रू पकड घेत नाही. म्हणून रीत अशी होती की छिन्नीने चांगलं ऐसपैस भोक पाडायचं, त्यात लाकडाचा ठोकळा ठोकून बसवायचा आणि स्क्रू त्या लाकडात पिळायचा. (आपल्याकडे ही रीत परवापरवापर्यंत होती. 'गिट्टी' आधी लाकडाची होती, प्लॅस्टिकची नंतर झाली.) यात गिलाव्याची नासधूस फार. रॉलिंग्जला काम मिळालं ते थेट ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवण्याचं, आणि तिथे भिंतींना इजा चालणार नव्हती. त्याने तागाच्या धाग्याची छोटी नळी तयार केली. ती कडक राहावी म्हणून प्राण्यांच्या रक्तापासूनचा चिकटा वापरला. बारीक भोक, त्यात ही नळी, नळीत स्क्रू. स्क्रू आत शिरला की नळी फुगते आणि भोकाच्या बाजूंवर दाब देते. पकड येते ती या दाबातून. १९११ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्या काळी जगातला बहुतेक सगळा ताग बंगालमधून जायचा. म्हणजे आपल्या 'रावळ' प्लगात थोडा आपला भागही आहे म्हणायचा!

१९५८ मध्ये जर्मनीतल्या आर्टुर फिशर याने ही नळी नायलॉनची केली. बाजूने चिरलेली, दातेरी, स्क्रू फिरताना स्वतः न फिरणारी. फिशर मुळात लोहारकामाच्या उमेदवारीतून आलेला माणूस. २०१६ मध्ये, ९६ व्या वर्षी तो वारला तेव्हा त्याच्या नावावर अकराशेहून अधिक पेटंटं होती. आज आपण वापरतो त्या प्लगांचा पूर्वज हा.

या दोघांनी जगावर उपकार केले यात शंका नाही. पण त्यांच्यामुळे आणखी एक गोष्ट घडली, जी त्यांनी ठरवून केली नव्हती. भिंत बांधणारा आणि भिंतीवर टांगणारा यांची कायमची ताटातूट झाली. आता भिंत कुणी, कधी, कशाची बांधली हे न विचारता तिच्यात भोक पाडता येऊ लागलं. हा प्लग ज्या भिंतीसाठी जन्मला ती भरीव वीट होती. दाब द्यायला बाजू घट्ट हव्यात, ही त्याची एकमेव अट. ती अट कुणी मोठ्याने सांगितली नाही, कारण तेव्हा समोर भिंत होतीच तशी.

पण भिंत बदलत होती. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेटने १८९४ मध्ये कागदाच्या थरांमध्ये जिप्सम घातलेल्या तक्त्याचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरांची टंचाई झाली, आणि भराभर बांधल्या गेलेल्या घरांत हाच तक्ता भिंत झाला. मध्ये सोळा सोळा इंचांवर लाकडी उभे खांब, त्यांना 'स्टड' म्हणतात, आणि त्यांच्यावर अर्ध्या इंचाचा तक्ता. आत पोकळ. तिकडे आरसा लावायचा तर पहिला नियम 'आधी स्टड शोधा', आणि तो त्या घरात अगदी बरोबर आहे. तिकडे स्वीडनमध्ये योहान अॅक्सेल एरिकसन याने १९२० च्या दशकात फुगवलेल्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा शोधला. हलका, उष्णता अडवणारा, करवतीने कापता येणारा. आपल्याकडे मिस्त्री अशा सगळ्याच ठोकळ्यांना 'सिपोरेक्स' म्हणतात. तेही खरं तर एका स्वीडिश उत्पादनाचं नाव.

आता पुण्या-मुंबईतल्या एखाद्या साध्या सोसायटीचा विचार करा. खांब आणि तुळया काँक्रीटच्या. बाहेरची भिंत नऊ इंची विटेची किंवा ठोकळ्यांची. आतली भिंत अर्ध्या विटेची. नव्या उंच इमारतीत मायवन पद्धतीची, म्हणजे भिंतच सबंध ओतीव काँक्रीटची. कुणी दोन खोल्यांच्या तीन केल्या असतील तर मधली जिप्सम बोर्डाची. आणि या सगळ्यांवर एकच रंग, एकच गुळगुळीत पुट्टी! डोळ्यांना पाचही भिंती सारख्या. आरसा मात्र पाचांवर पाच रीतींनी लावावा लागतो.

दरम्यान आरसाही वाढत गेला. इंग्लंडमधल्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत जाहीर केली आणि मोठी, निर्दोष काच स्वस्त झाली. जे व्हर्सायच्या राजाला एकसंध मिळालं नाही ते आता दोन खोल्यांच्या घरात दारामागे असतं. काचेचं वजन काढणं सोपं आहे: एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. म्हणजे फूटभर लांब-रुंद, तीन मिलिमीटर जाड आरसा पाऊण किलोच्याही आत. पण तीन फूट बाय चार फूट, पाच मिलिमीटर जाड आरसा घ्या. तो नुसताच सुमारे १४ किलो भरतो. सागवानी चौकट धरली तर आणखी काही किलो.

हे वजन आणि न ओळखलेली भिंत एकत्र आली की 'योग्य स्क्रू वापरावेत' हे वाक्य फक्त निरुपयोगी राहत नाही, धोक्याचं होतं. विटेच्या भिंतीवर साधारण १२ ते २० मिलिमीटर गिलावा असतो. सव्वा इंची प्लग त्यात घातला की त्याचा बराच भाग गिलाव्यातच राहतो, विटेत थोडाच जातो. भोक पाडताना भुगा पांढरा किंवा राखी येतोय तोवर आपण गिलाव्यात आहोत, लाल येऊ लागला की वीट. एवढं एक वाक्य किती कागदांवर असतं? सिपोरेक्समध्ये ड्रिलचा ठोका (हॅमर) बंद ठेवावा लागतो, नाहीतर भोक ऐसपैस होऊन बाजूच चुरतात. तिथे लांब, खास त्या ठोकळ्यासाठीचा प्लग लागतो. जिप्सम बोर्डात साधा प्लग दाब देणार कशावर? मागे पोकळीच. तिथे आतला धातूचा सांगाडा शोधायचा किंवा मागे उघडणारा अँकर वापरायचा, आणि फार जड असेल तर टांगायचंच नाही. पुडीवर '३० किलो' छापलेलं असतं ते एका ठरावीक भिंतीतलं माप असतं. भिंत बदलली की आकडा बदलतो, पुडी बदलत नाही.

तारेचंही तसंच. चौकटीच्या मागे दोन कड्या आणि मध्ये तार, हा लोकप्रिय सल्ला. पण तार जितकी ताठ आणि आडवी तितका तिच्यावरचा ताण जास्त. तार आडव्याशी तीस अंशांचा कोन करत असेल तर तिच्या प्रत्येक बाजूवर आरशाच्या वजनाइतका ताण येतो. तोच कोन दहा अंशांचा केला तर जवळजवळ तिप्पट. १४ किलोचा आरसा प्रत्येक कडीला ४० किलोने ओढतो! 'तार घट्ट ओढून बांधावी' असं लिहिणाऱ्याने हे गणित केलेलं नसतं. त्यापेक्षा सुतारांची जुनी रीत बरी: तिरक्या कापलेल्या दोन पट्ट्या, एक भिंतीवर, एक चौकटीला, आणि वरची खालचीत अडकवायची. सगळं वजन पट्टीभर विभागलं जातं.

आणि चिकटवण्याचा सल्ला? आरशाच्या मागे चांदीचा अतिपातळ थर असतो, त्यावर संरक्षणासाठी रंग. चिकटवलेला आरसा काचेला चिकटलेला नसतो, त्या रंगाला चिकटलेला असतो. शिरक्यासारखा वास येणारं सिलिकॉन वापरलं तर त्यातलं आम्ल चांदीपर्यंत पोचून काळे डाग पाडतं. आरशासाठीचं वेगळं, आम्ल नसलेलं सिलिकॉन मिळतं. लीबिगची चांदी अजून मागे आहे याची आठवण ठेवली तर हे आपोआप सुचतं.

हा दोष केवळ आजच्या लिहिणाऱ्यांचा आहे का? तसं म्हणता येणार नाही. हाताचं काम शब्दांत उतरवण्याची अडचण जुनी आहे. अठराव्या शतकात दिदेरोने फ्रान्समध्ये विश्वकोश काढला तेव्हा कारागिरांची कामं लिहून काढायची ठरवली, त्यात आरशाची काच ओतण्याचंही काम होतं. त्याची तक्रार होती की हजार कारागिरांत आपलं काम स्पष्ट सांगू शकणारे डझनभरही सापडत नाहीत. म्हणून कारखान्यांत जाऊन पाहणं, प्रश्न विचारणं आणि चित्रं काढणं हा मार्ग त्याने धरला. लिहिणाऱ्याने काम पाहिलेलं असावं, ही त्यातली साधी अपेक्षा. आजचा बहुतेक सल्ला याच्या नेमका उलट तयार होतो. अमेरिकेतल्या पोकळ भिंतीसाठी लिहिलेली वाक्यं भाषांतरित होतात, त्यातला 'स्टड' गळतो कारण तो आपल्याकडे नसतो, आणि त्याच्या जागी 'भक्कम जागा' असा मोघम शब्द येतो. सल्ला ज्या भिंतीवर उभा होता तीच काढून घेतलेली असते.

याउलट अनुभवी सुतार आला की काय करतो पाहा. तो आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवतो. ठक्क, डब्ब, खळ्ळ. मग विचारतो, 'इथं वर वायर कुठनं गेलीय?' स्विचबोर्डाच्या सरळ वरच्या रेषेत तो भोक पाडत नाही. मग पहिलं भोक पाडतो, भुगा तळहातावर घेऊन बघतो, आणि त्यानंतरच पिशवीतून प्लग काढतो. त्याने काही लिहिलेलं नाही, पण त्याचा पहिला प्रश्न बरोबर आहे.

गंमत म्हणजे कोल्बेरचा तो १६६५ चा कारखाना अजून आहे. सेंट-गोबेन हीच ती कंपनी. २००५ मध्ये तिने जिप्समचे तक्ते बनवणारी ब्रिटनमधली मोठी कंपनी विकत घेतली. म्हणजे आरसाही तिचा आणि पोकळ भिंतही तिचीच. दोन्ही वस्तू उत्तम असतील, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांची गाठ पडते ती आपल्या घरात, आणि तिथे हजर असतो तो फक्त एक घडी घातलेला कागद.

नवीन घराचा ताबा घेताना हल्ली एक जाडजूड फाईल मिळते. त्यात फरशी कुठल्या कंपनीची, नळ कुठल्या मालिकेतले, रंगाचा क्रमांक काय, सगळं असतं. कुठली भिंत कशाची, तिच्यावर गिलावा किती जाड आणि वायरी कुठून गेल्या आहेत, याचं एक पानभर चित्र त्यात सहसा नसतं. ते बिल्डरकडे असतं, कारण त्याशिवाय इमारत उभीच राहिली नसती. सोसायट्यांनी ते मागून घ्यायला हवं. खुंटी बसवणारा गवंडी जे ज्ञान भिंतीतच ठेवून जात असे, ते निदान एका कागदावर तरी आपल्या हाती यावं. आरशाखाली बहुतेक घरांत पलंग असतो, आणि पलंगावर लहान मूल झोपलेलं असतं.